देऊळ जळाल्यानंतरचे पहिले वर्ष : घाई कशाची करावी आणि कशाची करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीच्या सेक्रेटरी भगिनींनी विचारले आहे की, सहा आठवड्यांपूर्वी त्यांचे जुने देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, रात्रीच्या आगीत जळाले, छप्पर पूर्ण गेले, दगडी भिंती मात्र उभ्या आहेत. तर आता उपासना कुठे घ्यावी, पैसा कसा उभा करावा, भिंती पाडाव्यात की ठेवाव्यात, आणि दर रविवारी एक-दोन कुटुंबे दुसऱ्या मंडळ्यांकडे वळू लागली आहेत त्याचे काय करावे. पत्राच्या शेवटी त्यांनी एका ओळीत घंटेविषयीही विचारले आहे.

मी ३१ वर्षे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून सेवा करून निवृत्त झालो आहे. नगर जिल्ह्यातील ज्या मंडळीत मी सर्वांत जास्त काळ होतो, तिचे देऊळ माझ्या डोळ्यांदेखत जळाले, आणि त्यानंतर अशाच प्रसंगातून जाणाऱ्या आणखी काही मंडळ्यांच्या बैठकांना मी बसलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा वेळी ज्या कामांची घाई करायला हवी ती लांबणीवर पडतात आणि ज्यांना सवड द्यायला हवी ती पहिल्या महिन्यातच उरकली जातात. उपासना, कागदपत्रे आणि उघड्या भिंतींवरचे झाकण या तीन गोष्टींना एक दिवसही उशीर नको. नवा आराखडा, कोनशिला आणि दोष कोणाचा याचा निवाडा यांना कितीही उशीर झाला तरी चालेल.

उपासनेपासून सुरुवात करतो. आमच्याकडे आग लागली ती फेब्रुवारीतील एका मंगळवारी रात्री. गुरुवारी पंचांची, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांची, बैठक झाली तेव्हा निम्म्या लोकांचे म्हणणे होते की, मंडळी धक्क्यात आहे, महिनाभर उपासना बंद ठेवावी आणि लोकांनी घरोघरी प्रार्थना करावी. मी त्याला ठाम विरोध केला आणि आजही करीन. ज्यांची सवय मोडते त्यांची ती परत लागायला महिना पुरत नाही. शेजारच्या गणेश मंडळाने मांडवाचे कापड आणि बांबू स्वतःहून आणून दिले आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत त्यांचीच मुले आमच्या आवारात खड्डे खणत होती. रविवारी सकाळी नेहमीच्याच साडेआठच्या ठोक्याला कडुनिंबाखाली उपासना सुरू झाली. गीतपुस्तके जळून गेली होती, म्हणून जी गीते लोकांना तोंडपाठ होती तीच घेतली. त्या दिवशी कळले की साठीच्या पुढच्या बायकांना नारायण वामन टिळकांची भजने शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ आहेत आणि तरुण संघाला मात्र पहिले कडवे संपले की खिशातला फोन काढावा लागतो. तुमच्याकडे सहा आठवडे होऊन गेले आहेत. तरीही जळालेल्या देवळाच्या आवारात अजून एकही सार्वजनिक उपासना झाली नसेल, तर ती येत्या रविवारी घ्या.

मात्र आवारात घ्या, भिंतींच्या आत नको. लोकांचा ओढा आतच असतो, वेदीच्या जागी उभे राहून प्रार्थना करावी असे प्रत्येकाला वाटते, आणि इथे पंचांनी कठोर व्हायला हवे. लंडनचे जुने सेंट पॉल कॅथीड्रल १६६६ च्या महाआगीत जळाले तेव्हा तेथील लोकांनी पश्चिमेकडच्या भागात उपासनेची तात्पुरती सोय करून डागडुजी आरंभली, आणि १६६८ मध्ये त्याच भागातले दगडकाम काम चालू असताना कोसळले. त्यानंतरच जुनी इमारत उतरवून नवी बांधण्याचा निर्णय झाला. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर बरोबर दोन महिन्यांनी पहिली मिस्सा झाली, ती एका बाजूच्या चॅपेलमध्ये, जेमतेम तीसेक लोकांत, आणि आर्चबिशपांसह सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट होते. बाकी भाविकांची उपासना जवळच्या दुसऱ्या चर्चमध्ये चालत राहिली. तुमच्या गावात हेल्मेट घालून प्रभुभोजन घेण्याची गरज नाही. भिंतीची जेवढी उंची आहे निदान तेवढ्या अंतरावर दोरी बांधा आणि त्या दोरीच्या आत मुले जाणार नाहीत यासाठी दर रविवारी एका माणसाला उभे करा.

चार-पाच रविवारांनंतर छताखाली जावेच लागेल. शाळेचे सभागृह मिळत असेल तर ते सर्वांत चांगले, कारण तिथे कोणाच्या वेदीवर आपण पाहुणे नसतो. आपल्या लोकांना त्यात कमीपणा वाटण्याचेही कारण नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले, त्यानंतर आसपासच्या खेड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी कितीतरी जणांसाठी सहा दिवसांची शाळा हेच सातव्या दिवशीचे देऊळ होते. दुसऱ्या मंडळीच्या देवळात जागा मिळत असेल तर वीज, झाडलोट, कपाट आणि सणांच्या दिवशीची वेळ या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) दोघांनाही एकाच वेळी हवे असतात, आणि यजमान मंडळीशी पहिला खटका तिथेच उडतो.

पाळकांना एक सांगणे आहे. पहिल्या काही रविवारी भट्टीतल्या सोन्याच्या उपमेवर प्रवचन करू नये, आणि मंडळी म्हणजे माणसे, इमारत नव्हे, हे वाक्यही जपून वापरावे. ते खरे आहे. पण ज्या बाईचा बाप्तिस्मा, लग्न आणि नवऱ्याचा अंत्यविधी एकाच छपराखाली झाला, तिला ते ऐकून आपले दुःख चुकीचे ठरवले जात आहे असे वाटते. मी स्वतः दुसऱ्या रविवारी हे वाक्य उच्चारले आणि उपासनेनंतर एका आजींनी माझा हात धरून शांतपणे विचारले, “मग पाळकसाहेब, इतकी वर्षं आम्ही झाडत काय होतो?” त्यांच्याकडे देवळाच्या झाडलोटीची सेवा ४० वर्षे होती. यशयाच्या ६४ व्या अध्यायात जळालेल्या मंदिराबद्दलचा विलाप आहे. तो वाचावा आणि तिथेच थांबावे. त्या अध्यायाचा शेवटही उत्तरावर नाही, प्रश्नावरच होतो.

आता कागदपत्रे. आगीतून वाचलेले पोलादी कपाट गरम असताना उघडू नये, कारण आत धुमसणाऱ्या कागदाला हवा मिळाली की तो पेट घेतो. ते पूर्ण गार होऊ द्यावे. सहा आठवड्यांनंतर तुम्हाला याचा उपयोग नसला तरी हे उत्तर वाचणाऱ्या इतरांना असेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या कपाटात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या होत्या. आग पोहोचली नव्हती, पण बंबाचे पाणी पोहोचले होते. ओल्या वहीला दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, आणि घाईघाईने पाने उलटली की शाई व कागद दोन्ही जातात. आमच्या मंडळीतील एक निवृत्त ग्रंथपाल होते. त्यांनी एकही वही उघडू दिली नाही. प्रत्येक वही बटर पेपरमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कणा खाली करून त्यांनी ती क्रेटमध्ये उभी रचली आणि दूध संकलन केंद्रातील डीप फ्रीझरमध्ये ठेवून दिली. गोठलेल्या वहीत बुरशी वाढत नाही आणि तज्ज्ञ मिळेपर्यंत वेळ मिळतो. पुढे ती वाळवण्याचे काम कागद-संवर्धनाच्या जाणकाराकडून झाले. करपलेल्या वह्यांना मात्र हातही लावू नये. आहे त्या स्थितीत पुठ्ठ्यावर उचलून खोक्यात ठेवाव्यात.

ज्या नोंदी खरोखरच गेल्या, त्यांतल्या लग्नाच्या नोंदींबाबत धीर सोडू नका. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावणाऱ्याने नोंदीची प्रत सरकारी निबंधकाकडे पाठवायची असते. त्यामुळे पाळकांनी वेळच्या वेळी प्रती पाठवल्या असतील तर दुसरी नोंद तिथे सापडते. बाप्तिस्म्याच्या नोंदी तशा मिळत नाहीत, आणि वयस्कर माणसांपैकी अनेकांची जन्मतारीख शाळेत त्याच दाखल्यावरून लागलेली असते. त्यासाठी प्रत्येक घरातून जुने दाखले, घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि कबरींवरील तारखा गोळा कराव्यात, त्यांचे फोटो काढावेत आणि नवी वही तयार करून तिच्या पहिल्याच पानावर ‘पुनर्लिखित’ असे लिहून पंचांच्या सह्या घ्याव्यात. जुन्या वहीसारखी दिसणारी नवी वही कोणी करू लागला तर त्याला थांबवा. सद्‌हेतूने केली तरी ती उद्या खोटी ठरते. हे काम आमच्याकडे महिला संघाने केले आणि त्याचा एक लाभ आधी कोणाच्या लक्षात आला नव्हता: वर्षानुवर्षे देवळात न आलेल्या घरांतही या निमित्ताने माणसे जाऊन बसली.

पोलिसांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल, विद्युत निरीक्षकांचा अहवाल आणि तुम्ही स्वतः काढलेले तारीखवार फोटो, यांची एकच फाइल करा आणि तिच्या दोन झेरॉक्स प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. कारणाबाबत मंडळीच्या वतीने एकाच माणसाने बोलावे, आणि अहवाल हाती येईपर्यंत त्याने ‘तपास चालू आहे’ एवढेच म्हणावे. दिल्लीत दिलशाद गार्डनचे सेंट सेबॅस्टियन चर्च १ डिसेंबर २०१४ रोजी जळाले तेव्हा शॉर्ट सर्किट की घातपात हा वाद लगेच रस्त्यावर आला आणि चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. घातपाताचा संशय असेल तर तो लेखी तक्रारीत मांडा. प्रार्थनास्थळाला आग लावणे हा भारतीय न्याय संहितेखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे आणि तो तसाच गंभीरपणे नोंदवला गेला पाहिजे. पण बहुतेक वेळा प्रश्न घातपाताचा नसतो. आमच्याकडे संशय गेला तो नाताळच्या चांदणीची वायर माळ्यावरून ज्याने ओढली होती त्या तरुणावर. अहवालात दोष निघाला तो जुन्या, कापडी आवरणाच्या वायरिंगचा, आणि ते बदलण्याचा ठराव पंचांनीच दोनदा पुढे ढकलला होता. तोपर्यंत तो मुलगा पुण्याला निघून गेला होता. त्याची माफी मागायला मी आणि चिटणीस गेलो. तो मंडळीत परतला, त्याचे आईवडील मात्र आजही मागच्या बाकावर बसून आशीर्वादाआधी उठून जातात.

विम्याबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे तो नसावा किंवा अपुरा असावा असे गृहीत धरतो. असेल तर विम्याचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एकही कौल, पत्रा किंवा लोखंड हलवू नका आणि भंगारवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नका. अपुऱ्या विम्याचा हिशेब लोकांना समजत नाही आणि मग कंपनीने फसवले अशी बोंब होते. इमारत ८० लाखांची, विमा ४० लाखांचा आणि नुकसान २० लाखांचे असेल, तर सर्वसाधारण अटींनुसार २० लाख मिळत नाहीत, १० लाख मिळतात. कारण निम्मा धोका तुम्ही स्वतःच पत्करला होता असे धरले जाते. काही नव्या पॉलिसींत यात थोडी सूट असते, ती वाचून घ्यावी. हे आकडे पंचांनी मंडळीसमोर फळ्यावर मांडावेत.

भिंती पाडाव्यात का, याला माझे उत्तर स्पष्ट आहे: पहिल्या पावसाळ्याआधी पाडू नका, आणि स्थापत्य अभियंत्याने लेखी सांगितल्याशिवाय कधीच पाडू नका. आपल्याकडची जुनी देवळे काळ्या पाषाणाची आणि चुन्याची असतात. काळा पाषाण आगीत बराच टिकतो. गरम दगडावर बंबाचे गार पाणी पडले की त्याचे पापुद्रे सुटतात, ते भेसूर दिसते, पण नुकसान बहुधा वरवरचे असते. दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला, चुना किती खोलवर भुसभुशीत झाला आहे हे एका लांब खिळ्याने खरवडून पाहिले की अंदाज येतो. लाकडाचेही तसेच. जाड सागवानी तुळई मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जाते आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाचे रक्षण करतो, म्हणून बाहेरून काळीठिक्कर पडलेली छपराची कैची आतून शाबूत निघू शकते. उलट लोखंडी गर्डर दिसायला साबूत असतो, पण सहाशे अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते आणि एकदा वाकलेला गर्डर पुन्हा वापरू नये. खरी भीती आहे ती दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींची. छप्पर असताना त्यांना वरून आधार असतो. ते गेले की त्या वाऱ्यात नुसत्या उभ्या केलेल्या पत्त्यासारख्या असतात. त्यांना आतून-बाहेरून टेकू देणे आणि सर्व भिंतींच्या माथ्यावर पत्रा किंवा ताडपत्री पक्की करणे हे तुमचे या महिन्यातले सर्वांत निकडीचे काम आहे. उघड्या माथ्यातून एक पावसाळा मुरला तर आगीने जे केले नाही ते पाणी करते. टेकूंना आणि ताडपत्रीला खर्च फार येत नाही, पण त्यात कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. तो मंडळीने आपल्या शिल्लकेतून करावा. पॅरिसमध्ये जगभरातून पैसा आला होता, तरी पहिली दोन वर्षे आणि काही महिने केवळ उरलेली वास्तू सुरक्षित करण्यात गेले आणि दारे उघडली ती डिसेंबर २०२४ मध्ये.

भिंती ठेवण्याला एक व्यवहारी कारणही आहे. जुन्या भिंतींवर छप्पर घालणे ही दुरुस्ती असते. पाडून नवे बांधणे म्हणजे नवे धार्मिक बांधकाम, आणि त्याला लागणाऱ्या परवानग्यांची वाट बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षे पाहावी लागते. त्यातच जागा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न निघतो. मिशनच्या काळातील मालमत्ता पुढे वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांकडे गेल्या आणि स्थानिक मंडळीला आपण मालक आहोत असे वाटत असले तरी मालमत्ता पत्रकावर नाव दुसऱ्याच ट्रस्टचे असते. तो उतारा आजच काढा. आराखडा, देणग्या आणि भूमिपूजनाची तारीख हे सगळे ठरल्यावर उतारा काढणारी मंडळी मी पाहिली आहे.

पैशाबद्दल मी मुद्दाम उशिरा लिहितो आहे, कारण मंडळ्या त्यापासूनच सुरुवात करतात. तरी एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच झालेली बरी: ट्रस्टच्या नावाने स्वतंत्र इमारत निधी खाते आणि त्याच खात्याचा क्यूआर कोड. खजिनदाराच्या वैयक्तिक फोनवर आलेला एक रुपयाही पुढे भांडणाचे मूळ होतो, माणूस कितीही सचोटीचा असो. लोकांची कणव बातमीबरोबर येते आणि बातमीबरोबर जाते. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांची तीन जुनी बॅप्टिस्ट चर्चे एका माणसाने जाळली, तेव्हा त्यांच्यासाठीचा निधी आधी रेंगाळत होता. नोत्र दाम पेटल्यावर कोणीतरी या तीन चर्चांची आठवण करून दिली आणि दोन-तीन दिवसांत तो १८ लाख डॉलरच्या उद्दिष्टापलीकडे गेला. ज्यांची झोळी त्या वेळी तयार असते त्यांनाच ते मिळते.

परदेशातील नातेवाइकांकडून मदत घेताना फार सावध राहा. परदेशात नोकरी करणारा भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो ते विदेशी योगदान मानले जात नाही. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्याने दिलेली रक्कम ते मानले जाते, मग तो तुमच्या चिटणिसांचा सख्खा भाऊ का असेना. त्यासाठी ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे घेऊन ती रक्कम आपल्याकडे वळवण्याचा मार्गही बंद झाला आहे. त्याचप्रमाणे ज्याला आपण ८०-जी म्हणतो त्या आयकर सवलतीचे आश्वासन पावतीवर छापू नका. एका धर्मसमाजापुरत्या धार्मिक ट्रस्टला ती सहसा लागू होत नाही. कर्ज काढणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. पाहणीला आलेले पुढारी खासदार निधीतून देतो म्हणतात, तेव्हा आभार मानावेत आणि हिशेबात ती रक्कम धरू नये, कारण त्या निधीच्या नियमांत धार्मिक स्थळाचे काम बसत नाही.

एक धोका मात्र कोणी आधी सांगत नाही. इमारत निधी वाढू लागला की रविवारचे नेहमीचे अर्पण घटते, कारण खिसा तोच असतो. आमच्याकडे सहाव्या महिन्यात निधीत लाखो रुपये होते आणि शिपायाचा पगार थकला होता. दर पंधरा दिवसांनी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी फलकावर लावा, म्हणजे लोक आपोआप समजून घेतात.

जाणाऱ्या माणसांबद्दल. ती निष्ठा नसल्यामुळे जातात असे समजू नका. काहींना उन्हात बसवत नाही, काहींच्या मुलांना दुसरीकडे संडे स्कूल मिळते, आणि काहींना ते जळके दार दर आठवड्याला पाहणे सोसत नाही. त्यांच्यावर व्यासपीठावरून टोमणे मारले तर ती कायमची गेली. वस्तीनुसार घरोघरी प्रार्थनासभा सुरू करा आणि प्रत्येक वस्तीची जबाबदारी मंडळीतील एका वडीलधाऱ्याकडे आणि एका भगिनीकडे द्या. संडे स्कूल एकही रविवार बंद पडू देऊ नका. सर्वांत अवघड असतो तो आगीनंतरचा पहिला अंत्यविधी. आमच्याकडे तो तिसऱ्या आठवड्यातच आला. घरच्यांचा हट्ट होता की, शवपेटी देवळात, नेहमीच्या जागी ठेवायची. अभियंत्याने नकार दिला होता. मग पेटी दाराबाहेरच्या पायऱ्यांवर ठेवली, तोंड आतल्या बाजूला करून, आणि दाराची जळकी चौकट तेवढी बायकांनी आदल्या रात्री पाण्याने धुऊन झेंडूची माळ लावली. त्यानंतर प्रत्येक मयत तिथेच ठेवली गेली. छप्पर झाल्यावरही काही कुटुंबे क्षणभर पेटी पायरीवर टेकवतात.

कोळसा झालेले लाकूड, वितळलेली काच, बिजागरी असे काहीतरी घरी न्यावे असे लोकांना वाटते. सर्व्हे आणि तपास पूर्ण झाल्यावर ते जरूर द्या, मात्र कोणाला काय दिले ते लिहून ठेवा. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाले तेव्हा तिथल्या एका गवंड्याने छपराच्या दोन जळक्या तुळया आडव्या पडलेल्या पाहून त्यांचा क्रूस बांधला, आणि जुने खिळे जोडून केलेला क्रूस पुढे जगभर गेला. आपल्याकडेही कोणी ना कोणी ते सुचवतेच. करायला हरकत नाही, पण लक्षात घ्या की त्या मंडळीने जुने अवशेष तसेच राखून शेजारी नवे कॅथीड्रल उभारले आणि त्याचे समर्पण २५ मे १९६२ रोजी झाले. मध्ये साडेएकवीस वर्षे गेली. तेवढी वाट पाहा असे मी म्हणणार नाही. वर्षभर तरी कोणाही आर्किटेक्टला रंगीत चित्र काढू देऊ नका, एवढेच म्हणेन. एकदा ते चित्र फलकावर लागले की काचेचा दर्शनी भाग हवा की नको यावर दोन तट पडतात, आणि ज्यांचे दुःख अजून ओले आहे त्यांचे कोणी ऐकत नाही. त्या वर्षात प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारा: जुन्या देवळातले काय परत हवे? आमच्याकडे सर्वाधिक उत्तरे आली ती बाकांविषयी किंवा वेदीविषयी नव्हती. लोकांना पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळच्या उपासनेला येणारे ऊन हवे होते. अभियंत्याच्या पहिल्या नकाशात ती खिडकी नव्हती.

पाया किंवा छपराच्या कामाचा शुभारंभ कराल त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा आणि त्यांना रडू द्या. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचा पाया घातला जात असताना ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडत होते आणि बाकीचे जयघोष करत होते, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत फक्त जयघोषाला जागा ठेवू नका.

आता घंटा. ती पडली असेल किंवा तापली असेल तर वाजवून पाहू नका. काशाची घंटा तापलेली असताना पाणी पडले की तिला केसासारखी चीर जाते. ती दिसत नाही, आणि एका ठोक्यात वाढते. ओतकाम जाणणाऱ्याला दाखवेपर्यंत ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवून झाकून ठेवा. आमची घंटा चिरली होती. मधल्या काळासाठी शाळेच्या शिपायाने जुन्या रुळाचा हातभर तुकडा आणून कडुनिंबाला टांगला आणि त्याच वेळांना, तेवढेच ठोके देऊ लागला. रुळाचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही अशी तक्रार सुरुवातीला रोज येत असे. तीन वर्षांनी नवी घंटा चढली तेव्हा संडे स्कूलची मुले विचारायला आली की, आता रूळ काढणार का. त्यांतल्या बऱ्याच जणांनी जुनी घंटा कधी ऐकलीच नव्हती. रूळ तिथेच आहे. संडे स्कूल भरल्याचा ठोका अजून त्याच्यावरच पडतो.